आधी बॉक्स, मग वूफर, वॉट सगळ्यात शेवटी

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात बासचं वेड काही आजचं नाही. हळदीच्या रात्री अहिराणी गाणं लागलं आणि डीजेसमोर छातीत धडधड झाली नाही तर पोरांना नाचल्यासारखंच वाटत नाही, आणि तिकडे सातपुड्यात काठी गावच्या होळीला जे मोठे ढोल येतात ते ज्यानं एकदा जवळून ऐकले त्याला खोल आवाज म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तोच आवाज गाडीत पाहिजे म्हणून माणूस कार डेकोरच्या दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "कितला वॉटना शे भो?" माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न डिक्कीचा, म्हणजे सामान ठेवून तुम्ही किती लिटर जागा कायमची देऊ शकता. दुसरा प्रश्न, त्या जागेत कुठला वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) नीट वाजेल. हे दोन ठरले की वॉट आपोआप ठरतात.

मुळात वूफर ज्यात बसवतात तो लाकडी बॉक्स लागतोच कशाला ते बघू. वूफर नुसता जमिनीवर ठेवून हळू आवाजात वाजवून बघा, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) चांगला पुढेमागे हलताना दिसेल पण बास जवळपास नाहीच. कारण कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, इतक्या लांब लाटेला बारा इंची स्पीकरला वळसा घालून मागून पुढे यायला काहीच त्रास नाही, त्यामुळे पुढचा दाब आणि मागचा विरळपणा एकमेकांना खाऊन टाकतात. बॉक्सचं पहिलं काम ही मागची लाट कोंडून ठेवणं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आणि तेच लोक विसरतात: आत कोंडलेली हवा कोनाला मागून स्प्रिंगसारखी रेटते. बॉक्स लहान म्हणजे स्प्रिंग कडक, बॉक्स मोठा म्हणजे स्प्रिंग मऊ. कोन किती खोलवर वाजणार हे या स्प्रिंगवर ठरतं.

आणि त्या साडेआठ मीटरवरून अजून एक गोष्ट कळते. अर्ध्या मीटरच्या बॉक्सच्या आत एवढ्या मोठ्या लाटेला आकार दिसतच नाही, त्यामुळे चौकोनी बॉक्समध्ये बास खराब होतो, तिरपा पाहिजे, कोपरे गोल पाहिजेत वगैरे जे सांगतात त्याचा सबवूफरला काही उपयोग नाही. लिटर बरोबर पाहिजेत, आकार डिक्कीत बसेल तो करा. मागच्या सीटच्या पाठीला टेकेल असा उतरता बॉक्स केला तर जागा वाचते एवढंच.

आता खरी मेख. अमेरिकेत १९५७ साली केएलएच नावाची स्पीकर कंपनी सुरू झाली, त्यातला 'एच' म्हणजे हॉफमन, आणि त्याच्या नावानं एक नियम आजही चालतो. छोटा बॉक्स, खोल बास आणि कमी वॉटमध्ये जास्त आवाज, या तिघांपैकी दोनच मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. हिशोब तर असा आहे की त्याच वॉटमध्ये तेवढ्याच आवाजानं एक सप्तक खाली जायचं असेल, म्हणजे ६० हर्ट्झवरून ३० हर्ट्झवर, तर बॉक्स आठपट मोठा लागतो. सीटखाली बसणारा चपटा वूफर जमीन हादरवेल असं कोणी सांगितलं तर हा नियम आठवा. त्या चपट्या वूफरला मी नावं ठेवत नाही, डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर तोच पर्याय बरा आणि जुन्या गाण्यांतल्या ढोलकीला तो छान साथ देतो, फक्त त्याच्याकडून ३० हर्ट्झची अपेक्षा धरू नका.

वूफर निवडताना स्टिकर न बघता त्याच्या कागदावरचे आकडे बघायचे. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि बॉक्स यांचं नातं आकड्यांत बसवून दिलं, म्हणून त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. चांगल्या कंपनीच्या वूफरबरोबर हा कागद येतो किंवा कंपनीच्या साइटवर असतो. आणि ज्याचे हे आकडे कुठेच मिळत नाहीत तो वूफर घेऊ नका, मॅग्नेट कितीही जाड दिसू दे, कारण त्याच्यासाठी बॉक्स बनवणं म्हणजे अंधारात माप घेणं.

त्यातले चार आकडे पुरतात. एफएस म्हणजे कोन मोकळा असताना स्वतःहून ज्या हर्ट्झला डोलतो ती जागा. व्हीएएस म्हणजे जेवढ्या लिटर हवेचा रेटा त्या वूफरच्या स्वतःच्या सस्पेन्शनइतका (कोनाला धरून ठेवणाऱ्या लवचिक भागाइतका) असतो तेवढे लिटर. क्यूटीएस म्हणजे कोनावर लगाम किती आहे, आकडा लहान म्हणजे लगाम कडक. आणि एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर ताबा न सोडता जाऊ शकतो. ढोबळ मानानं क्यूटीएस ०.४ च्या वर असेल तर बंद बॉक्स, ०.३ ते ०.४ मध्ये असेल तर पोर्टवाला (पाइपचं तोंड ठेवलेला), आणि ०.७ च्या वर गेला तर तो वूफर बॉक्ससाठी नाहीच असं समजा. अजून पक्की खूण पाहिजे तर एफएसला क्यूईएसनं (क्यूटीएसमधला फक्त विजेच्या लगामाचा भाग, तोही त्याच कागदावर असतो) भागा, उत्तर ५० च्या आसपास किंवा कमी आलं तर बंद, १०० च्या जवळ गेलं तर पोर्ट, मधे आलं तर दोन्ही चालतं.

बंद बॉक्सचं गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरनं भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्यानं क्यूटीएसला गुणलं की बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू मिळतो आणि त्याच आकड्यानं एफएसला गुणलं की बॉक्समध्ये बसल्यावरचा हर्ट्झ मिळतो. क्यू ०.७ च्या आसपास आला की आवाज सगळ्यात सपाट, कुठे फुगणार नाही आणि कुठे लवकर ढळणार नाही. समजा बारा इंची वूफर आहे, एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर. ३० लिटरच्या बॉक्समध्ये टाकला तर भागाकार १, अधिक १ म्हणजे २, वर्गमूळ १.४१. क्यू झाला ०.७ आणि हर्ट्झ झाले ४२. एकदम जमलं. आता तोच वूफर जागा नाही म्हणून १० लिटरमध्ये कोंबला तर वर्गमूळ येतं २, क्यू होतो १ आणि हर्ट्झ जातात ६० वर. म्हणजे ८०-९० च्या आसपास आवाज फुगणार आणि त्याच्या खालचं सगळं पातळ होणार. वूफर तोच, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) तोच, वॉट तेवढेच, आणि मालक म्हणणार वूफर खराब निघाला.

४२ हर्ट्झच्या खाली बंद बॉक्सचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलनं पडतो. घरात हे जाणवतं पण गाडीत एक फायदा आपोआप मिळतो आणि मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. गाडीची आतली लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली लाटेचा अर्धा भागसुद्धा गाडीत मावत नाही, मग कोन अख्ख्या केबिनची हवाच एकदम दाबायला लागतो, आणि खाली जाऊ तसा दाब वाढत जातो, कागदावर हा वाढीचा दरही सप्तकाला १२ डेसिबलच आहे. प्रत्यक्षात काचा, दारं, फटी यातून थोडं निसटतं, पण बॉक्स जे घालवतो त्यातलं बरंच केबिन परत देतं. म्हणून छोट्या हॅचबॅकमध्ये साधा बंद बॉक्ससुद्धा खोल वाजतो, आणि पहिल्यांदा बनवणाऱ्याला मी बंद बॉक्सच सुचवतो, दोन-तीन लिटर इकडेतिकडे झाले तरी तो सांभाळून घेतो.

पोर्टवाला बॉक्स वेगळा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, पोर्टवाला बॉक्स तीच बाटली आहे. आतली हवा स्प्रिंग आणि पाइपमधली हवा वजन, दोघं मिळून एका ठरलेल्या हर्ट्झला डोलतात आणि तिथे कोन फारसा हलत नाही, आवाज पाइपच काढतो. त्यामुळे त्या भागात त्याच वॉटमध्ये आवाज जास्त मिळतो. पण किंमत आहे: त्या हर्ट्झच्या खाली आवाज सप्तकाला २४ डेसिबलनं कोसळतो आणि कोनामागची स्प्रिंगच नाहीशी होते, कोन मोकाट सुटतो, म्हणून अ‍ॅम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर (फार खालचे हर्ट्झ अडवणारा) असेल तरच पोर्टच्या नादी लागा आणि तो फिल्टर पोर्टच्या हर्ट्झच्या थोडा खाली लावा.

पाइपच्या बाबतीत आपण खान्देशवाले नशीबवान, शेताच्या पाइपलाइनची ११० एमएमची पीव्हीसी पाइप गावोगावी मिळते, तिचा फूट-दीड फुटाचा तुकडा कोणाच्याही खळ्यात पडलेला असतो. फक्त ११० हे बाहेरचं माप आहे, हिशोबाला आतलं माप लागतं आणि ते पाइपच्या जाडीप्रमाणे बदलतं, म्हणून पट्टी लावून मोजा. समजा आतून १० सेंटिमीटर भरली, बॉक्स निव्वळ ५० लिटरचा आहे आणि सूर ३५ हर्ट्झला पाहिजे. आतल्या मापाचा वर्ग १००, त्याला २३५६२ नं गुणा, मग ३५ चा वर्ग गुणिले ५० नं भागा, येतात ३८.५, त्यातून आतल्या मापाचे ०.७३ पट, म्हणजे ७.३ वजा करा. उत्तर ३१ सेंटिमीटर. तीन इंची पाइप घेतली तर लांबी निम्म्यावर येते म्हणून मोह होतो, पण मग त्या चिंचोळ्या तोंडातून हवा फुसफुसते आणि बासऐवजी तेच ऐकू येतं. ३१ सेंटिमीटर सरळ बसत नसेल तर शेतातलाच एल्बो लावून वळवा, मधल्या रेषेनं लांबी मोजा, आणि पाइपचं आतलं टोक समोरच्या भिंतीपासून निदान पाइपच्या रुंदीइतकं लांब ठेवा. ती पाइप स्वतः जवळपास तीन लिटर जागा खाते, तीही धरायची. हे सगळं हातानं नको असेल तर विनआयएसडी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आकडे टाकले की ग्राफच काढून देतं.

आता सुतारकाम. बंद बॉक्सचंच उदाहरण पुढे नेऊ. आतून ५० बाय ३० बाय २२ सेंटिमीटर म्हणजे ३३ लिटर, त्यातून स्पीकरचा मागचा भाग आणि आतली आडवी पट्टी यांचे तीन लिटर गेले, राहिले निव्वळ ३०. १८ एमएमचा बोर्ड वापरला तर बाहेरून ५३.६ बाय ३३.६ बाय २५.६ होतं. कारागिराला माप सांगताना आतलं की बाहेरचं हे कागदावर लिहूनच द्या. ५३.६, ३३.६ आणि २५.६ ही मापं आतली आहेत असं समजून त्यानं बॉक्स केला तर ३३ च्या जागी ४६ लिटर होतात, आणि बाहेरून ५०-३०-२२ केला तर २२ लिटरच राहतात. तसंच वूफरचा मागचा भाग आत किती खोल जातो ते बघा आणि मॅग्नेटच्या मागे चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, मॅग्नेटला मागून भोक असतं ते श्वास घेण्यासाठी असतं.

बोर्ड एमडीएफ की प्लाय यावर भांडणं होतात. एमडीएफ जड, एकसारखा, कापायला सोपा आणि स्वस्त, पण पाणी लागलं की फुगतो. ज्यांच्या डिक्कीत पावसाळ्यात पाणी झिरपतं किंवा जे शेतात ओली पोती टाकतात त्यांनी सरळ चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा. पार्टिकल बोर्ड कोणीच घेऊ नये. जाडी १८ एमएम, आणि ज्या फळीवर वूफर बसतो ती शक्य असेल तर दोन थरांची. बाकी मोठ्या फळ्यांना आतून एक आडवी पट्टी द्या, कारण फळी थरथरली की तो आवाज गाण्यात मिसळतो.

जोड हा बॉक्सचा जीव. दोन्ही कडांना फेव्हिकॉल भरपूर लावायचं, इतकं की दाबल्यावर रेघभर बाहेर आलं पाहिजे, मग बारीक ड्रिलनं आधी भोक पाडून स्क्रू, एमडीएफच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घातला तर बोर्ड पापुद्र्यासारखा फाटतो. आतून सगळ्या कोपऱ्यांना लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बोटानं भरा, वाळल्यावर वरून सिलिकॉन फिरवा. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका, तो वायू सराउंडच्या (कोनाभोवतीच्या मऊ कडेच्या) आणि कोनाच्या गोंदाला चांगला नाही. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी द्या. मग वूफर बसवून, ४० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून, पेटवलेली अगरबत्ती प्रत्येक जोडाजवळून सावकाश न्या. धूर सरळ वर जात राहिला तर जोड पक्का, धूर थरथरला किंवा झटके खाऊ लागला तर तिथे फट आहे. बंद बॉक्समध्ये सुईएवढी फटसुद्धा शिट्टी वाजवते.

आत भरायला कापूस चालेल का, हे आपल्याकडे हमखास विचारतात. कापसाची गुठळी होते, ओल धरतो, खाली बसतो. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा फायबर आणा आणि मोकळा पिंजून भरा. हवा दाबली की गरम होते आणि ती उष्णता फायबर शोषून घेतो, त्यामुळे हवेची स्प्रिंग थोडी मऊ पडते आणि बॉक्स आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. हे बंद बॉक्सपुरतं, पोर्टच्या तोंडाजवळ फायबर गेला तर सगळं बिघडेल.

आता वॉट. स्टिकरवर ३००० लिहिलेलं असो की ५०००, आरएमएस (सतत मिळणारे खरे वॉट) सोडून बाकीच्या आकड्यांकडे बघायचंच नाही. अ‍ॅम्पचा आरएमएस खरा आहे का हे त्याच्या फ्यूजवरून कळतं. ३० अँपियरचा फ्यूज गुणिले गाडी चालू असतानाचे १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॉट आत जातात, क्लास डी अ‍ॅम्प त्यातले साधारण ८० टक्के बाहेर देतो, म्हणजे ३३० च्या आसपास. त्यावर १५०० लिहिलं असेल तर समजून घ्या. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा मोठा कोन किंवा बरोबर बॉक्स स्वस्तात पडतो.

आपल्या उन्हाचाही यात वाटा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त होतं. वूफरच्या कॉइलमधल्या (मॅग्नेटमधल्या तारेच्या गुंडाळीतल्या) तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, कॉइल १०० अंशांनी तापली की रेझिस्टन्स जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो, आणि त्यामुळे वूफर अ‍ॅम्पकडून कमी वॉट ओढतो. भर दुपारी गाडी उन्हातून काढल्या काढल्या फुल आवाज लावला तर तासाभरात बास ढिला वाटतो तो यामुळे. आधी गाडी गार होऊ द्या, आणि अ‍ॅम्प बॉक्सवर किंवा कार्पेटखाली न लावता मोकळ्या हवेत लावा.

ड्युअल कॉइलचा वूफर घेतला तर वायरिंग आधी ठरवा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. अ‍ॅम्प २ ओहम झेपवणारा नसेल तर समांतर जोडू नका. बॅटरीपासून येणाऱ्या वायरीवर बॅटरीजवळच, दीड फुटाच्या आत, फ्यूज पाहिजेच पाहिजे. तो वूफरसाठी नसतो, गाडीसाठी असतो. बोनेटमधून डिक्कीपर्यंत गेलेली वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी सगळी ताकद तिथे ओतते आणि गाडी पेटते. ५०० वॉट आरएमएससाठी ४५ अँपियर लागतात, त्याला शुद्ध तांब्याची ४ गेज घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर तीच वीज न्यायला अजून जाड लागते.

शेवटी गेन. तो आवाज वाढवायचं बटण नव्हे, डेक (गाडीतला म्युझिक प्लेअर) आणि अ‍ॅम्प यांची जोडी जुळवायचा स्क्रू आहे. वूफरची वायर काढा, डेकचा इक्वलायझर आणि बास बूस्ट शून्यावर, ५० हर्ट्झचा टोन लावून डेक तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, आणि अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट पाहिजेत, म्हणजे ३०० वॉट आणि २ ओहमला साडेचोवीस. तिथे गेन थांबवा. पुढे नेला तर अ‍ॅम्प लाटेचं टोक कापायला लागतो आणि कॉइल जळण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. लो पास (वरचे हर्ट्झ वूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवा, मग गाणं लावून वूफरच्या वायरी उलटसुलट जोडून बघा, ज्या बाजूनं ड्रायव्हरच्या सीटवर बास भरीव लागतो ती ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत आवाज कमी ठेवा, ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि बास भिंतीतून सहज आरपार जातो. आणि एवढं सगळं करूनही मागून खडखड येत असेल तर बॉक्स उघडायच्या आधी नंबर प्लेट, डिक्कीचं आतलं प्लॅस्टिक आणि स्टेपनीशेजारचा जॅक हातानं एकेक दाबून बघा, बहुतेक वेळा आवाज तिथलाच असतो आणि फोमच्या एका पट्टीनं बंद होतो.